तिसऱ्या गाण्याचा दुभाषा

"अहो, एकोणीस तास," बायको ओरडत होती. "चुकलेल्या विमानाची वाट बघत तुम्ही नैरोबीच्या विमानतळावर एकोणीस तास बाकड्यावर झोपला होतात. त्याची तीन वर्षं कधी झाली? आणि तिथे झुलू बोलत नाहीत. झुलू बोलतात ते लोक तिथून हजारो मैल खाली राहतात."

आमचा फ्लॅट कुवेतच्या रिग्गई भागात चौथ्या मजल्यावर होता. बायको हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स, आणि तिचा आवाज असा की भूल दिलेला पेशंटसुद्धा "हो बाई" म्हणेल. त्या संध्याकाळी त्या आवाजाने ठिबकणारा एसी ठिबकायचा थांबला, खालच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मलबारी दुकानदार फुटपाथवर येऊन वर बघू लागला, आणि वारा योग्य दिशेचा असता तर खैरानला समुद्रकिनारी सुट्टीवर गेलेल्या लोकांनीही टॉवेल सावरले असते. मुलीने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि आतून इंग्रजीत विचारलं की हे किती वेळ चालणार आहे.

मी सोफ्यावर बसून वर्तमानपत्र उलटं वाचत होतो.

प्रकरण असं होतं. दोन-तीन महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी बायकोच्या हॉस्पिटलातल्या बायका आमच्याकडे पावभाजी खायला आल्या होत्या. पाहुणे आले की माझी जीभ आपोआप लांब होते, त्याला माझा इलाज नाही. मी तेलाच्या पाइपांवर काम करणारा इन्स्ट्रुमेंटचा इंजिनियर. दिवसभर गेज खरा आकडा दाखवतो की नाही एवढंच बघायचं. घरी आल्यावर तरी आकडा थोडा वाढवून सांगायला नको? तर त्या दिवशी मी सांगितलं की मी आफ्रिकेत तीन वर्षं काढली आहेत, आणि झुलू भाषा मला इतकी येते की एकदा नदीवर एका मगरीला मी दोन शब्द सुनावले तेव्हा ती मान खाली घालून पाण्यात परत गेली. सगळ्या हसल्या. एक हसली नाही. ती दक्षिण आफ्रिकेची होती, बायकोच्याच थिएटरमधली सिस्टर. तिने माझ्याकडे शांतपणे बघितलं, आणखी एक पाव घेतला, आणि विषय संपला असं मला वाटलं.

तो संपला नव्हता. त्या सिस्टरने आता एका सरकारी कचेरीत माझं नाव दिलं होतं. बाहेरून येणाऱ्या कॅसेटी विमानतळावर ठेवून घ्यायचे आणि त्या कचेरीत ऐकून बघायचे, त्यात राजकारण किंवा दुसऱ्या धर्माचा प्रचार तर नाही ना म्हणून. तिची एक कॅसेट तिथे अडकली होती. गाणी झुलूत, आणि तिथे कुणालाही झुलू येत नव्हतं. कॅसेट जिची आहे तिचा शब्द धरणार नाही, तिच्या देशाच्या माणसाचाही धरणार नाही, त्रयस्थ आणा, असं अधिकारी म्हणाला. मग सिस्टरने सांगितलं, आहे एक भारतीय इंजिनियर. त्याने फाइलीवर माझं नाव लिहिलं, वार लिहिला, वेळ लिहिली. शनिवारी सकाळी नऊ.

"तुम्ही गेला नाहीत तर कॅसेट नष्ट करणार आहेत," बायको म्हणाली. "आणि तुम्ही गेलात आणि पकडले गेलात तर इकामा जाईल. तुमचा गेला की माझाही."

इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो गेला की माणूस कुवेतमध्ये नसतोच. त्याचं सामान असतं, तो नसतो. मी वर्तमानपत्र सुलट केलं.

"मी फोन करून सांगतो त्यांना, माझं झुलू गंजलंय म्हणून."

"फोन कशाला? त्या येतायत पाच वाजता. तोंडावर सांगा."

पाचला सिस्टर आल्या. बाई एवढ्या उंच की ऑपरेशनच्या टेबलावरचा मोठा दिवा फिरवायला त्यांना हात फारसा वर करावा लागत नसे, हे बायकोचं म्हणणं. माझं म्हणणं, आमच्या दारातून येताना त्या वाकल्या आणि तरीही तोरणाला डोकं लागलं. बायकोने चहा आणि पोहे ठेवले. मी घसा साफ केला आणि गंजाबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मी तुमच्याशी आमच्या भाषेत दोनदा बोलले आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पावभाजीच्या दिवशी आणि एकदा हॉस्पिटलच्या गेटवर. दोन्ही वेळा तुम्ही खोकलात."

"मग माझं नाव का दिलंत?"

"भाषा येणारा माणूस मला नकोय. तो खरं सांगेल."

बायकोच्या हातातली बशी तशीच राहिली. मला तर एकदम ताप उतरल्यासारखं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या अंगच्या गुणाची किंमत ओळखली होती. पण पुढचं ऐकलं आणि तो आनंद तिथेच संपला.

ती गाणी त्यांच्या देशातल्या एका मोठ्या गायिकेची. त्या बाईला तरुणपणी देशाबाहेर जावं लागलं आणि तीस वर्षं परत येऊ दिलं नाही. तिची गाणी घरात लावली तर शेजारी घाबरून दार ठोठावायचे, इतकी बंदी. मग राज्य बदललं आणि ती परतली. शहरातल्या कंपनीने झगझगीत स्टुडिओ देऊ केला. ती म्हणाली, पहिली कॅसेट मी आमच्या गावच्या शाळेत करणार, आणि माझ्यामागे कोरसला त्या बायका उभ्या राहतील ज्यांच्याबरोबर मी लहानपणी नदीवर कपडे धुतले. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, दोन दिवस गाणी झाली. त्या बायकांत सिस्टरची आई होती.

कंपनीच्या लोकांनी शहरात जाऊन ते ऐकलं आणि म्हणाले, बायका तालात नाहीत. शहरातल्या पगारी गायिकांना उभं करून कोरस पुन्हा भरला. दुकानात मिळते ती कॅसेट त्या गायिकांची. शाळेतलं गाणं फक्त पाच-सहा कॅसेटींवर उतरवून त्या बायकांना आठवण म्हणून दिलं होतं. आईने पत्रात लिहिलं होतं, तिसऱ्या गाण्यात माझा आवाज तुला कळेल. मग आई गेली. सिस्टर पोचल्या तेव्हा माती झाली होती. घर माणसांनी भरलेलं, तिथे कॅसेट लावणं शक्य नव्हतं. इथे येऊन दार बंद करून ऐकू म्हणून त्यांनी ती पर्समध्ये ठेवली. विमानतळावर पर्स उघडली गेली.

"म्हणजे तुम्ही अजून ऐकलेली नाही?" बायकोने विचारलं.

"नाही."

गाणी मात्र त्यांना ठाऊक होती, सगळ्या देशाला ठाऊक होती. मी म्हटलं, निदान त्यात काय आहे ते सांगा, म्हणजे मला वळसा घालून जाता येईल. त्या नको म्हणाल्या. ज्याला कळलं आहे त्याच्या तोंडावर दिसतं. एवढंच सांगितलं की तुरुंग आहे, बंदुका आहेत, आणि एक चर्चमधलं गाणं आहे.

"ह्यांच्या तोंडावर काही दिसत नाही," बायको म्हणाली. "मी सोळा वर्षं शोधतेय."

पण ती ओरडायची थांबली होती, हे माझ्या लक्षात आलं. सिस्टर गेल्यावर ती बराच वेळ पोह्यांची रिकामी बशी पुसत बसली. मग म्हणाली, सगळीकडच्या बायका दळण, पापड, सासू आणि माहेर यांवरच गातात, तेवढं सांगा आणि गप्प बसा. मगर आणू नका.

त्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या मंगळागौरीची तालीम आमच्याच बैठकीच्या खोलीत चालायची. मी स्वयंपाकघराच्या दाराआड वही घेऊन उभा राहिलो. झिम्मा, फुगडी, सूप नाचवणं, जावाजावांची भांडणं, सगळं टिपून घेतलं. शुक्रवारी रात्रीपर्यंत माझ्याकडे इतके अर्थ जमले होते की एका अख्ख्या खंडाच्या गाण्यांना पुरले असते. झोप मात्र आली नाही. डोळा लागला की एक मगर इकामा तोंडात धरून पाण्यात जाताना दिसायची.

शनिवारी मी आणि सिस्टर वेळेच्या आधी पोचलो. कचेरीच्या भिंतीवर एका कोपऱ्यात युद्धातल्या धुराचा काळा पट्टा अजून रंगवायचा राहिला होता. अधिकारी पन्नाशीचा, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात जपमाळ. त्याचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं. बाप जहाजाने मुंबईला खजूर न्यायचा म्हणे. त्याने माझं सिव्हिल आयडी घेतलं, नंबर उतरवला आणि ते कार्ड परत न देता आपल्यासमोर ठेवलं. ते कार्ड तिथे पडलेलं असताना मला दुसरीकडे बघता येईना. सिस्टरना भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं; आमच्याकडच्या नर्सेसबरोबर काम करून त्यांना हिंदी समजायचं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

टेबलावरचा टेपरेकॉर्डर अम्गऱ्याच्या भंगारबाजारातून उचलून आणल्यासारखा होता. झाकण तुटलेलं, आतलं रबरी चाक झिजून गुळगुळीत. असला टेप पट्टी गिळतो, हे मला बघताक्षणी कळलं, आणि इकाम्याचा विचार बाजूला पडला. जगात त्या आवाजाच्या पाच-सहा पट्ट्या होत्या, आणि त्यातली एक या चाकाखाली जाणार होती.

"या मुहंदिस," तो म्हणाला. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. "आधी सांग, ही गाणारी बाई कोण?"

मी म्हटलं मोठी गायिका आहे, बरीच वर्षं परदेशी होती, आता परत आली.

"परदेशी का?"

सिस्टरच्या खुर्चीचा पाय किंचित वाजला. मी म्हटलं, "नवऱ्याची बदली झाली होती."

"किती वर्षं?"

"तीस."

"तीस वर्षं बदली?"

"सरकारी नोकरी होती, सर."

तो माझ्याकडे बघत राहिला. जपमाळेचे तीन मणी पुढे गेले. मग म्हणाला, इराकी घुसले तेव्हा आम्ही सात महिने बाहेर होतो, परत आलो तर दरवाजाला बिजागरीसुद्धा ठेवली नव्हती. एवढं बोलून त्याने बटण दाबलं.

पहिलं गाणं एकट्या गायिकेचं. काय आवाज होता तो. खाणीच्या तळातून कुणी बादली वर ओढतंय आणि बादलीत पाणी की रक्त ते वर आल्याशिवाय कळणार नाही, असा. अधिकाऱ्याने भुवई उचलली. मी म्हटलं, बाई पापड वाळत घालतेय आणि आभाळ भरून आलंय. तो म्हणाला, आफ्रिकेत पापड? मी म्हटलं, त्यांचा जाड असतो. त्याने लिहून घेतलं.

दुसऱ्या गाण्यात बायकांऐवजी पुरुष होते. आवाज कमी आणि पायच जास्त. शंभर माणसं जमिनीवर एकदम पाय आपटत होती आणि मधून मधून सगळी मिळून एकच शब्द टाकत होती. अख्खी पलटण त्या खोलीतून चालत गेली. लहान मुलालाही कळलं असतं की हे लग्नाचं गाणं नाही.

"लग्नाचं गाणं आहे," मी म्हटलं.

"हे?"

"वर पळून जाऊ नये म्हणून मुलीकडचे पुरुष दारात पाय आपटत उभे राहतात."

"वर पळतात?"

"त्यांच्याकडे फार, सर."

तो हसला नाही. त्याने टेप थांबवला, माझं कार्ड उचललं, फोटो बघितला, मला बघितलं, कार्ड परत ठेवलं. मला कारखान्यातला सेफ्टी व्हॉल्व्ह आठवला. दाब किती चढला की तो उडतो ते मला माहीत असतं, इथे मात्र गेजच नव्हता. त्याने पुन्हा बटण दाबलं, आणि टेप कुरकुरला, आवाज लांबला, चाकापाशी पट्टीचं एक लहानसं वेटोळं वर आलं.

मी उठून त्याच्या टेबलावर हात घातला आणि टेप बंद केला. सरकारी अधिकाऱ्याच्या टेबलावर, न विचारता. सिस्टर अर्ध्या उठल्या होत्या. मी कॅसेट बाहेर काढली, पट्टी दोन बोटांनी अलगद सोडवली, त्याच्याच पेनाने चक्र फिरवून आत घेतली, शर्टाच्या टोकाने रबरी चाक पुसलं आणि कॅसेट परत बसवली. पट्टीला चुणी पडली नव्हती. मग मी जागेवर जाऊन बसलो.

"एका पापडाच्या गाण्यासाठी बरीच काळजी घेतोस," तो म्हणाला.

तिसरं गाणं सुरू झालं. गायिका एक ओळ म्हणायची आणि मागून बायका उत्तर द्यायच्या. कंपनीवाले खरं बोलत होते, त्या तालात नव्हत्या. त्यात एक आवाज सगळ्यांच्या अर्धा पाऊल पुढे होता, जाड, थोडा फाटलेला, उत्साहाने ढकलत जाणारा. दोन ओळी तो तसाच पुढे पळाला. मग सगळं विस्कटलं, गाणं थांबलं, आणि तो आवाज गाण्याबाहेर येऊन काहीतरी बोलला. एकच छोटं वाक्य. मागे बायका हसल्या, कुणीतरी टाळी दिली, आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

अधिकाऱ्याने टेप थांबवला. "ती काय म्हणाली?"

माझ्या वहीत याला काही नव्हतं. मी म्हटलं, "चुलीवर दूध उतू गेलं, कुणीतरी बघा, असं म्हणाली."

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो भिंतीजवळच्या खुर्चीकडे बघत होता. सिस्टरचे हात अजून मांडीवरच होते, पाठ ताठ होती, तोंडातून आवाज नव्हता, पण डोळ्यांतून धार लागली होती आणि ती पुसायलाही त्या हात उचलत नव्हत्या.

"दूध उतू गेलं," तो सावकाश म्हणाला, "म्हणून ही बाई रडते?"

तुम्हाला सांगतो, मी वाघाच्या पिंजऱ्यात बसून बुद्धिबळ खेळल्याची गोष्ट सांगितली आहे, आणि ऐकणाऱ्याने डाव कोणी जिंकला ते विचारलं आहे. अडलो म्हणून कधी अडलो नाही. त्या क्षणी मी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. पापड नाही, सासू नाही, मगरसुद्धा नाही. माझं कार्ड टेबलावर होतं.

"ती माझी आई आहे," सिस्टर म्हणाल्या. "दोन महिन्यांपूर्वी वारली. मी हे आज पहिल्यांदा ऐकतेय."

अधिकाऱ्याने मान माझ्याकडे वळवली. "तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. टेप सुरू झाल्यापासून बोललेला तेवढा एकच शब्द खरा होता.

त्याने पट्टी थोडी मागे घेतली, टेप कुरकुरला. पुन्हा तो पळणारा आवाज, पुन्हा सगळं विस्कटणं, ते छोटं वाक्य, हसणं. ती टाळी संपेपर्यंत त्याने ऐकलं. मग स्वतः, पेनाने हळूहळू चक्र फिरवत, पट्टी आत घेतली. पुढची गाणी त्याने लावलीच नाहीत. तुरुंग, बंदुका, चर्च, सगळं त्या पट्टीत मिटलेलं राहिलं.

कागदावर त्याने अरबीत दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते मला वाचता येत नव्हतं आणि विचारायची छाती नव्हती. शिक्का मारला. कॅसेट त्याने माझ्या हातात दिली नाही, खुर्चीवरून उठून सिस्टरच्या हातात दिली. माझं कार्ड बोटाने टेबलावरून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, मुहंदिस, तुझी बदली कधी झाली तर मला कळव.

बाहेर पार्किंगमध्ये गाडीचं दार उन्हाने इतकं तापलं होतं की रुमालाशिवाय धरवेना. सिस्टरनी कॅसेट पर्समध्ये ठेवली नाही, हातातच धरली. मी एसी लावला, गाडी गार होईपर्यंत आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो. माझी जीभ हळूहळू परत येत होती. मी म्हटलं, पापडाचं जमलं, वराचं तर त्याने जवळजवळ मानलंच होतं. मग मी विचारलं, दूध नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण आई तिथे थांबून नेमकं काय म्हणाली?

"ताल चुकला म्हणाली," सिस्टर म्हणाल्या. "पुन्हा घ्या म्हणाली."